ढवळे मॅडमचं बेसिन

बेसिनची जागा बदलायची म्हटलं की लोक आधी नळाचा विचार करतात. नळ कुठेही नेता येतो. टाकीतलं पाणी दाबानं येतं. त्याला वर चढवा, खाली उतरवा, भिंतीतून आडवं घाला, ते मुकाट्यानं येतं. नखरे असतात ते वापरून झालेल्या पाण्याचे. त्याला मागून ढकलणारं कुणी नसतं. ते आपल्या वजनानं, मिळेल त्या उतारानं जातं, आणि उतार नाही मिळाला तर आहे तिथेच बसकण मारतं. गेली चौदा वर्षं मी लखनौमध्ये लोकांची बाथरूमं तोडून नव्यानं करून देतोय, आणि त्यातलं निम्मं आयुष्य या पाण्याची समजूत घालण्यात गेलं आहे.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक मला म्हणाले, "जगताप, हवाई दलातल्या आठवणी लिहा." मी म्हटलं, "त्या लिहायला परवानगी लागते. मोरीतल्या लिहिल्या तर चालतील का?" ते जरा थबकले, पण नाही म्हणाले नाहीत. तेव्हा ज्यांना विमानं हवी होती त्यांनी पान उलटावं.

तरी विमानाचं थोडं सांगावंच लागेल. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, कोरेगावकडचा. हवाई दलात वीस वर्षं हायड्रॉलिक्सचं काम केलं. विमानाची चाकं आत घेणं, बाहेर काढणं, ब्रेक लावणं ही कामं तेलाच्या दाबावर चालतात, आणि ते तेल ज्या नळ्यांतून धावतं त्या नळ्या आमच्या ताब्यात. अशा नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर ब्रेक दाबला तरी नीट लागत नाही. त्यामुळे नळीतून हवा हुसकून काढणं हाच आमचा धर्म होता. वाचकांनी हे ध्यानात ठेवावं, कारण पुढे मी याच धर्मापायी तोंडावर आपटलो आहे.

शेवटची बदली लखनौला झाली. सरोजिनी नगर भागात, कानपूर रोडपासून जरा आत घर घेतलं. मुलं शाळेत रमली, आपसांत हिंदी बोलू लागली, गावी परत जायचं राहून गेलं. आमच्याच घरातलं बाथरूम मी स्वतः नव्यानं केलं, ते शेजाऱ्यांनी पाहिलं, त्यांचं केलं, मग त्यांच्या मेहुण्याचं. आमच्या सौ. सुनंदाबाई तेव्हा म्हणाल्या, "आकाशातून उतरलात ते थेट मोरीत!" मी म्हटलं, विमान रोज लागत नाही, मोरी रोज लागते. अजूनही माझं तेच मत आहे.

या धंद्यात मोजक्या गोष्टी कळल्या की पुरे. सांडपाण्याच्या पाइपला दर चार फुटांना एक इंच उतार हवा. कमी दिला तर पाणी रेंगाळतं. पाइप काटकोनात वळवू नये, दोन अर्ध्या वळणांनी न्यावा, नाहीतर साबण आणि केस त्या कोपऱ्यात ठाण मांडतात. बेसिनच्या खाली बाटलीसारखं एक भांडं असतं, त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात कायम तीन-चार बोटं पाणी साठून राहतं, आणि ते साठलेलं पाणीच गटाराचा वास वर येऊ देत नाही. ट्रॅप कोरडा पडला की गटार घरात आलंच म्हणून समजा. आणि कुठला पाइप कुठे जातो हे घरमालकाला कधीही विचारू नये. त्याला ते ठाऊक नसतं, पण सांगायचा उत्साह दांडगा असतो. मी बेसिनमध्ये हळदीचं पाणी ओततो आणि खाली जाऊन पिवळं कुठून येतंय ते पाहतो. आमच्या घरात हळद लवकर संपते ती यामुळे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. मलिहाबादला एका आमराईच्या मालकाचं व्हरांड्यातलं बेसिन दर जूनमध्ये तुंबायचं. दसहरी आंबे खाऊन मंडळी तिथेच हात धुवायची, आणि सालं, रेषा, चीक सगळं पाइपात. मी भोकावर बारीक जाळी बसवून दिली. पुढच्या जूनमध्ये पुन्हा फोन! जाऊन पाहतो तर जाळी गायब. मालक म्हणाले, "अरे साहब, मेहमान के हाथ के नीचे जाली? वो क्या समझेंगे, कि हम उनके छिलके गिन रहे हैं?" शेवटी पाइपच दुप्पट रुंद टाकून दिला. तेव्हापासून पाहुणे सुखी आणि पाइपही सुखी.

पण सांगायचं आहे ते ढवळे मॅडमच्या बेसिनचं.

डॉ. नलिनी ढवळे मूळच्या नागपूरच्या. इथल्या एका संशोधन संस्थेत त्यांनी हयात वनस्पतींच्या अभ्यासात घालवली. निवृत्त झाल्या, यजमान गेले, तरी घर सोडलं नाही. दुमजली घर, खाली भाडेकरू आणि वर मॅडम. मग मणक्याचं दुखणं झालं आणि पाय गेले. हातांत जोर होता, डोकं तर माझ्यापेक्षा तल्लख, पण फिरणं चाकांच्या खुर्चीवर. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

"भाऊ," मला पाहिल्या पाहिल्या त्या म्हणाल्या, "मला माझं तोंड माझ्या हातानं धुवायचं आहे. जमते का सांगा."

बाथरूम पाहिलं. बेसिन दाराला लागून, उभ्या माणसाच्या उंचीचं. खुर्ची आत वळायलाच जागा नव्हती. रोज सकाळी कामाची बाई पलंगापाशी टब धरून उभी राहायची आणि मॅडम त्यात तोंड धुवायच्या.

"चूळ टाकायची तर आधी तिच्याकडे पाहावं लागते," त्या म्हणाल्या. "ती चांगली आहे हो. पण मला रोज सकाळी लाज वाटते."

त्यात एक मुदतही होती. मुलगी ऋचा बंगळुरूला नोकरीत. तिनं आईला कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं होतं. मॅडमनी तिच्याशी करार केला होता: ती तीन आठवड्यांनी, शनिवारी येणार. सोमवारी सकाळी आईनं बाथरूममध्ये एकटीनं जाऊन, कुणाचा हात न लागता सगळं आवरून बाहेर यायचं. जमलं तर आई लखनौला राहणार. नाही जमलं तर मंगळवारची दोघींची तिकिटं काढलेली होतीच.

म्हणजे माझ्या बेसिनवर मॅडमचं घर टांगलेलं होतं.

निघताना माझं लक्ष बाथरूमच्या दाराकडे गेलं. आतल्या बाजूला, वर, स्क्रूची चार रिकामी भोकं होती. मी म्हटलं, "ही पुट्टीनं बुजवून टाकतो. रंग दिला की दिसणारही नाहीत."

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "तिथे कडी होती. मागच्या थंडीत मी आत पडली. ऋचा इथेच होती, बाहेरून हाका मारून राहिली, दार उघडेना. शेवटी शेजाऱ्यांनी धक्के मारून उघडलं. त्या दिवशी तिनं आपल्या हातानं कडी काढली. तिचं काही चूक नाही. पण भोकं राहू द्या."

मी भोकं राहू दिली.

कामाचा बेत असा. बेसिन दाराजवळून काढायचं आणि समोरच्या भिंतीवर, खिडकीखाली न्यायचं, म्हणजे खुर्ची दारातून सरळ आत येईल. उंची कमी करायची आणि खाली गुडघे जायला जागा मोकळी ठेवायची. त्यासाठी ट्रॅप बेसिनच्या मध्याखाली न टांगता मागे भिंतीला चिकटवायचा. इथवर सोपं होतं. अडचण पुढची. पाणी बाहेर जायचा पाइप घराच्या दुसऱ्या अंगाला, दोन घरांमधल्या अरुंद बोळकांडीत होता. नव्या बेसिनपासून तिथवर नऊ फूट. जमीन फोडता येत नव्हती, कारण खाली भाडेकरूचं छत. आणि वाटेतल्या कोपऱ्यात घराचा खांब. काही मिस्त्री अशा वेळी खांबाला खाच मारतात आणि वर टाइल लावून मोकळे होतात. मी खांबाला हात लावत नाही. छत डोक्यावर असावं, बेसिनमध्ये नसावं.

मग भिंतीच्या कडेनं गुडघ्याएवढ्या उंचीचा अरुंद कट्टा बांधायचा आणि त्याच्या पोटातून, खांबाला वळसा घालून, पाइप न्यायचा असं ठरवलं. नऊ फुटांना सव्वादोन इंच उतार. पाणसळ लावून मी तो असा काटेकोर बसवला की माझं मलाच कौतुक वाटलं. शिवाय कट्ट्यावर साबण, तेल, कंगवा ठेवायला मॅडमना हाताशी जागा झाली.

टाइलचं काम नफीस मिस्त्रींचं. हे जुन्या शहरातल्या चौक भागातले, साठी उलटलेले, माझ्या पहिल्या कामापासून माझ्याबरोबर. बोलणं हळू, हात त्याहून हळू, पण त्यांनी लावलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती बरोबर मोरीकडेच जाणार. मी पाइप जोडत असताना ते बाजूला उकिडवे बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, "जगताप साहब, गुस्ताख़ी माफ़। इस पाइप का एक मुँह ऊपर को भी खोल दीजिए। छत तक। लंबा पाइप है, आगे जाकर सीधा नीचे गिरता है। इसे हवा लगेगी।"

"हवा?" मी म्हटलं. "नफीसभाई, मैंने बीस साल पाइप से हवा निकाली है। अब हवा डालूँ?"

मॅडम दारात खुर्चीवर बसून ऐकत होत्या. त्यांनाही राहवलं नाही. "मिस्त्रीजी, पेड़ में भी यही होता है," त्या म्हणाल्या. झाडाच्या खोडात अगदी बारीक नळ्या असतात, मुळांचं पाणी त्यातून वर चढतं, आणि एखाद्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला की तिच्यातली पाण्याची धार तुटते, असं मॅडमनी त्यांना समजावून सांगितलं. मला इतकं बरं वाटलं! एकीकडे विमानशास्त्र, दुसरीकडे वनस्पतिशास्त्र, आणि समोर एकटे नफीसभाई.

त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग हात जोडल्यासारखं करून म्हणाले, "आप लोग पढ़े-लिखे हैं। हम तो बस अर्ज़ कर सकते हैं।" आणि टाइल लावायला लागले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

लखनौच्या माणसाशी भांडण झालं हे कळायला वेळ लागतो, तो असा.

काम शुक्रवारी पुरं झालं. पाइपची दोन्ही तोंडं बंद करून, पाणी भरून मी तो चोवीस तास ठेवला होता. एक थेंब गळाला नाही. नळ सोडून पाहिला, पाणी सुळकन गेलं. मॅडम खुर्ची थेट बेसिनखाली घेऊन गेल्या, बाजूच्या आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "किती दिवसांनी मी खिडकीतून कडुनिंब पाहून राहिली!"

शनिवारी ऋचा आली. मी मुद्दाम गेलो होतो; आपलं काम दाखवायची हौस कुणाला नसते? हुशार, बारीक डोळ्यांची मुलगी. आईचं मराठी कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. तिनं सगळं पाहिलं, कट्टा हलवून पाहिला, धरायचा दांडा ओढून पाहिला. "अच्छा बना है, अंकल," म्हणाली. माझी छाती फुगली.

"थांब, तुला दाखवते," मॅडम म्हणाल्या. त्या आत गेल्या, बेसिनच्या भोकाला बूच लावलं आणि कोमट पाणी काठोकाठ भरलं. त्यांची तोंड धुवायची पद्धत तीच, पाणी भरून घ्यायचं आणि ओंजळीनं तोंडावर मारायचं. मी मात्र वाहत्या नळावर काम तपासलं होतं; भरलेलं बेसिन एकदाही सोडून पाहिलं नव्हतं. मॅडमनी तोंड धुतलं, बूच काढलं. पाणी जोरात गेलं. आणि शेवटी शेवटी पाइपानं असा काही घशातून आवाज काढला, की आम्ही तिघंही दचकलो. तहानलेल्या म्हशीनं हौदाचा तळ गाठावा तसा. पाठोपाठ वास आला. गटाराचा, अस्सल.

ऋचानं नाकाला ओढणी लावली. "मम्मी, इसमें रहोगी?"

मॅडमनी तोंडही पुसलं नाही, तशाच ओल्या चेहऱ्यानं बसून राहिल्या. ते मला अजून दिसतं.

मी बॅटरी घेऊन खाली वाकलो. ट्रॅप कोरडा ठणठणीत. काय झालं ते क्षणात कळलं आणि कान गरम झाले. बेसिनभर पाण्यानं लांब पाइप गच्च भरला, पुढे जाऊन ते धाडकन खाली कोसळलं, आणि पडताना मागचं सगळं ओढत घेऊन गेलं. ट्रॅपमध्ये राखणीला ठेवलेलं पाणीसुद्धा. कारण मागून यायला हवा नव्हतीच. विमानाच्या नळीत तेल कोंडलेलं असतं, तिथे हवा शत्रू. सांडपाणी कोंडायचं नसतं, जाऊ द्यायचं असतं. वीस वर्षांच्या नोकरीनं मला एकाच प्रकारचा पाइप शिकवला होता आणि मी तो जगातल्या सगळ्या पाइपांना लावला. लांब पाइपाला हवा द्यायची हा प्लंबिंगचा साधा नियम; एरवी माझी कामं आखूड पाइपांची असल्यानं तो न पाळताही आजवर निभावून गेलं होतं, इतकंच.

"सोमवार सुबह तक ठीक कर दूँगा," मी म्हणालो. ऋचा सभ्यपणे "जी" म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता. माझाही फारसा नव्हता. नवाकोरा कट्टा फोडायचा, त्या रंगाच्या टाइल संपलेल्या, आणि भिंत फोडली की दोन दिवस ओली राहणार. मॅडमना सोमवारी त्यात कसं पाठवणार?

रविवारी सकाळीच नफीसभाईंचं घर गाठलं. त्यांनी आधी बसवलं, मग चहा, मग बिस्किटं, मग माझ्या मुलांची चौकशी. का आलात हे त्यांनी विचारलंच नाही. मलाच तोंड उघडावं लागलं. सगळं सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "साहब, पानी जब जाता है तो पीछे जगह छोड़ता है। उस जगह में किसी को तो आना है। आप हवा को रास्ता नहीं देंगे, तो बदबू आएगी।"

एवढं एकच वाक्य. हवाई दलात मला ते कुणी शिकवलं नव्हतं आणि मॅडमना संस्थेत कुणी शिकवलं नव्हतं.

"लेकिन टाइल तोड़नी पड़ेगी," मी म्हटलं.

नफीसभाईंनी बशीत चहा ओतला. खाली पाहत म्हणाले, "कोने वाली एक टाइल हमने सूखी रखी है। मसाला नहीं लगाया। बस किनारे पर ज़रा-सा सफ़ेद सीमेंट है, छुरी से निकल आएगी। उसके पीछे गली की तरफ़ ईंट भी खाली फँसाई हुई है।"

"आपने बताया क्यों नहीं?" मी विचारलं.

"बताया तो था," ते म्हणाले. "एक दफ़ा।"

एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा सांगून समोरच्याचा अपमान करायचा नाही, पण तो चुकणार हे ठाऊक असल्यानं त्याच्यासाठी परतीची वाट ठेवायची. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत. बरोबर असूनही इतकं सभ्य राहिलेला माणूस हा एकच.

दुपारपर्यंत काम झालं. मी गच्चीवर चढलो आणि वरून बोळकांडीत पाइप सोडला. नफीसभाई खाली बाथरूममध्ये, आणि हुकूम त्यांचे. "ज़रा और... बस, बस, साहब, रोकिए।" टाइल खरंच सुरीच्या टोकानं निघाली. मागची वीट हातानं ओढली. आत जोड बसवून पाइपाचं एक तोंड वर गच्चीपर्यंत मोकळं केलं, त्यावर पाखरं शिरू नयेत म्हणून जाळीची टोपी घातली, आणि तीच टाइल पुन्हा जागेवर. कुठे काही झालं होतं असं कुणाला दिसलंही नसतं. मॅडम दारात बसून सगळं पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मिस्त्रीजी, हम दोनों पढ़े-लिखों ने मिलकर आपको बहुत सताया।" नफीसभाई लाजून थापी धुवायला लागले.

मॅडम बोलून मोकळ्या झाल्या, मी मात्र बोललो नाही. पाइप नीट झाला या आनंदात 'माझं चुकलं' हे दोन शब्द राहून गेले, आणि नंतर ते म्हणायची वेळ निघून गेल्यासारखी वाटली. आता नफीसभाईंचे गुडघे गेलेत, ते कामावर येत नाहीत. हा अंक मराठी, म्हणजे त्यांना वाचता येणार नाही. तेव्हा छापून आला की मीच घेऊन जाणार आहे आणि हा भाग त्यांना वाचून, हिंदीत सांगणार आहे. चहा आणि बिस्किटं झाल्यावर.

सोमवारी सकाळी मी मॅडमच्या घरी हजर होतो. नसतो गेलो तरी चाललं असतं, पण घरी बसवेना. ऋचा पॅसेजमध्ये उभी होती, हाताची घडी घालून. मॅडमनी खुर्ची आत घेतली आणि दार लोटून घेतलं. आम्ही दोघं बाहेर. वीस वर्षं इंजिनांच्या आवाजात कान गेले म्हणतात, पण त्या दिवशी मला सगळं ऐकू येत होतं. चाकांचा आवाज. नळ. ब्रश. मग ओंजळींचे सपकारे, एक, दोन, तीन. मधेच काहीतरी खाली पडलं. ऋचा दाराकडे झेपावली, पण आतून आवाज आला, "कंगवा आहे. उचलला." ती जागच्या जागी थांबली. तिचा हात दारावरच राहिला. मला तिची फार दया आली. मागच्या थंडीत ती याच दारावर थापा मारत उभी होती.

मग बूच निघालं. पाणी गेलं. सुळ्ळकन आवाज झाला, आणि मग काहीच नाही. घरघर नाही, वास नाही.

दार उघडलं. मॅडमचे कानाजवळचे केस ओले होते, भांग सरळ होता. "भाऊ," त्या म्हणाल्या, "टॉवेलची दांडी जरा दूर लावली तुम्ही. चार बोटं अलीकडे घ्या."

मी पाना काढायला वाकलो. ऋचा स्वयंपाकघरात गेली. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते मला दिलं. आत जुनी कडी होती, तिच्या चार स्क्रूंसकट.

मी दारापाशी गेलो आणि सवयीनं कडी त्या चार भोकांवर धरली.

"वर नाही, काका," ऋचा म्हणाली. तिच्या तोंडून मराठी मी पहिल्यांदा ऐकत होतो. "खाली लावा. आईचा हात पुरेल तिथे."

मी खुर्चीच्या उंचीवर नवी भोकं पाडली आणि कडी लावून दिली. वरची जुनी भोकं मॅडमच्या परवानगीनं पुट्टीनं बुजवली. त्या लगेच खुर्ची वळवून पुन्हा आत निघाल्या.

"आता काय राहिलं?" ऋचानं विचारलं.

"हात धुते," मॅडम म्हणाल्या. त्यांचे हात स्वच्छ होते.

दार लागलं. आतून कडी सरकली. मॅडम चांगली पंधरा मिनिटं बाहेर आल्या नाहीत, आणि ऋचानं एकदाही हाक मारली नाही.